बटणांच्या डब्यातल्या बत्तीस

माणसाने बाहेर हवी तेवढी हुशारी करावी, घरात करू नये. घरातल्या हुशारीला दाद द्यायला कोणी नसतं, आणि ती अंगाशी आली तर सांगायला तोंड उरत नाही. बाईंनी नेमकी घरातच हुशारी केली. तीन महिने ती इतकी सुरळीत चालली की त्यांना मनातल्या मनात स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं.

बाई म्हणजे मोठ्या दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवरच्या बाई. बावीस वर्षं त्याच काचेमागे, त्याच उंच स्टुलावर. पलीकडे रांग, अलीकडे बाईंचा हात. गोळ्या तबकात ओतायच्या, चपट्या पातीने पाच-पाच बाजूला सारायच्या आणि ओठातल्या ओठात म्हणायचं, पाच, दहा, पंधरा, वीस. मोजणी कधी चुकली नाही. बोलणं मात्र कामापुरतं. कोणाला कसली गोळी चालू आहे हे खिडकीवर बसणाऱ्याने पोटात ठेवायचं असतं, आणि पोटात ठेवण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. दवाखान्यात हा गुण होता. घरी त्याचं काय होतं, याचा विचार बाईंनी केला नव्हता.

यजमान एका कारखान्यात स्टोअरकीपर. नटबोल्टपासून तेलाच्या पिंपापर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात, आणि त्यांचा मंत्र एकच, ‘एक माल, एक जागा.’ एकच वस्तू दोन ठिकाणी दिसली की त्यांच्या अंगाची आग व्हायची. घरात साखरेचे दोन डबे झाले, तरी ते एकात एक ओतल्याशिवाय जेवायला बसत नसत. अशा माणसाला मणक्याच्या ऑपरेशननंतर चार महिने अंथरुणावर पडावं लागलं. दुखणं एवढं, की मोठ्या डॉक्टरांनी जपून द्यायच्या कॅप्सूल लिहून दिल्या, अर्ध्या पिवळ्या, अर्ध्या पांढऱ्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. डबी न्हाणीघरातल्या आरशामागच्या कपाटात असायची.

आणि मुलगा. वडील त्याला थट्टेने ‘चिरंजीव’ म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, अभ्यासात बरा, बोलायला गोड. त्याचा मित्र लंबू कॉलेजच्या मागच्या गल्लीत एका छापखान्यावर खोली घेऊन राहायचा. लंबूचे आईवडील फार दूर. त्यामुळे रविवारी जेवायला तो हमखास इथे, आणि ताट पुसून खाल्ल्यावर म्हणणार, “काकू, तुम्ही मला दत्तकच घ्या.” बाई म्हणत, “एक पोसून दमलेय, दुसरा कुठे घेऊ?” पण त्याच्यासाठी दोन घास जास्तीचे शिजवत.

एका रविवारी सकाळी बाईंनी यजमानांची डबी मोजली. कारण काही नव्हतं, हाताला सवय. एक्केचाळीस हव्या होत्या, सदतीस निघाल्या. बाईंनी बशीत ओतून पुन्हा मोजल्या. मग तिसऱ्यांदा. आयुष्यात एकदा आपली मोजणी चुकावी असं त्यांना त्या दिवशी वाटलं, पण ती चुकली नव्हती.

चोर कोण, हे शोधायला लांब जायचं नव्हतं. बाईंनी खिडकीवर असली पोरं पाहिली होती. आजोबांच्या नावाची चिठ्ठी आणणारी, तारीख खोडून लिहिलेली, डोळ्याला डोळा न देणारी. एकाने तर हसत हसत सांगितलं होतं, परीक्षेच्या आधी जागायला एक घेतो, नंतर उतरायला एक. दारू नको, वास नको, दवाखान्याचं औषध म्हणजे स्वच्छ. डॉक्टरांनी दिलेलं, त्याने काय होतंय! त्या पोराला बाईंनी चिठ्ठी परत केली होती, एक अक्षर न बोलता.

बाई आपल्या मुलाच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. चिरंजीव पाठमोरा बसला होता, पुस्तक उघडं, पाय हलत होता. मानेवर लहानपणचा तीळ. आता बोलायचं, असं ठरवून बाईंनी तोंड उघडलं.

“चहा घेणार?”

“चालेल,” तो म्हणाला.

बाई स्वयंपाकघरात आल्या आणि चहा टाकला. रागावल्या असत्या तर पोरगा कबूल झाला असता, रडला असता, कदाचित उलटूनही बोलला असता. यजमानांना कळलं असतं तर त्यांनी टाके उसवेपर्यंत आरडाओरडा केला असता. त्यात परीक्षा तोंडावर. बाईंना घाबरायला एवढी कारणं पुरेशी होती. खरं सांगायचं तर एकच पुरेसं होतं. आपल्या मुलाला आपण असं काही विचारायचं, याचीच त्यांना भीती वाटली.

मग त्यांना वस्ताद आठवले. खिडकीवर बाई नव्या होत्या तेव्हाचे म्हातारे कंपाउंडर. एक म्हातारी रोज येऊन झोपेची गोळी मागायची. वस्तादांनी रिकाम्या कॅप्सूलमध्ये दुधाची साखर भरून तिला दिली. म्हातारी दोन वर्षं ढाराढूर झोपली आणि वस्तादांना दुवा देत गेली. “भांडण्यापेक्षा भरणं सोपं, पोरी,” वस्ताद म्हणायचे.

बाईंनी भरायचं ठरवलं. लहान मुलांची मात्रा तयार करायला दवाखान्यात रिकाम्या कॅप्सूल असतातच, त्याच रंगाच्या आणल्या. दुपारी घर झोपलेलं असताना दार लावून दुधाची साखर भरली, टोपणं दाबून बसवली, फडक्याने पुसली. खऱ्यांशेजारी ठेवून पाहिल्या तर त्यांनाच फरक कळेना. बाई स्वतःशीच हसल्या. खऱ्या कॅप्सूल, आणि पुढे नव्या आणल्या त्याही, गेल्या शिवणाच्या खणात, बटणांच्या डब्यात. साखरेच्या गेल्या आरशामागे, डबीत.

“अहो,” त्या यजमानांना म्हणाल्या, “न्हाणीघरात ओल असते. तुमच्या गोळ्या थोड्या माझ्याकडे ठेवल्यात. वेळच्या वेळी मीच देत जाईन.”

“दोन जागी?” यजमान कळवळले. पाठीपेक्षा ते जास्त दुखलं असावं.

“चारच दिवस हो.”

थोड्या माझ्याकडे, म्हणजे बाकीच्या तिकडे, असा त्याचा सरळ अर्थ. तिकडच्या खोट्या आहेत हे बाईंनी नवऱ्यालाही सांगितलं नाही. पोटात ठेवायचं म्हटल्यावर अर्धवट कशाला ठेवायचं!

त्यानंतर बाई रोज डबी मोजत आणि कमी झाल्या की भरून ठेवत. डबी रिकामी दिसली तर पोरगा बाहेर कुठे तोंड मारेल, त्यापेक्षा घरची साखर खाऊ दे. पहिल्या आठवड्यात दोन-दोन जायच्या. मग चार-चार. पुढे एकदम आठ, आठवड्यातून दोनदा. शनिवारी सोळा. बाई मनात म्हणायच्या, खा बाबा, पोटभर खा. जेवताना त्याचे डोळे बघायच्या, हात बघायच्या. सगळं स्वच्छ. त्यांना खिडकीवर अंगात नवा उत्साह वाटायला लागला.

एकदा तो गच्चीत फोनवर बोलत होता. बाई वाळलेले कपडे काढायला गेल्या आणि पाण्याच्या टाकीमागे थबकल्या.

“अरे लंबू, दोननं काही होत नाही,” तो सांगत होता. “बाबांच्या गोळ्यांत दमच नाहीये. आठ घे. आठ घेतल्या की काय मस्त तरंगायला होतं. मागच्या वेळी नाही का तू भिंतीशी गप्पा मारत होतास!”

बाईंनी कपड्यांच्या ढिगात तोंड खुपसून हसू दाबलं. साखर खाऊन तरंगतायत, भिंतीशी बोलतायत! मनाचे खेळ, दुसरं काय! लंबूही खातोय हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं, पण साखरच ती. दोघांच्या पोटात जाऊन जाऊन जाणार काय? उलट परीक्षा संपली की एक दिवस दोघांना समोर बसवायचं, सगळं सांगायचं आणि त्यांचे उतरलेले चेहरे बघायचे, असं त्यांनी ठरवून टाकलं. आठ हा आकडा त्यांनी ऐकला आणि हसण्यावारी नेला. औषधं मोजण्यात जन्म घालवलेल्या बाईला त्या आकड्याची भीती वाटायला हवी होती.

परीक्षा शुक्रवारी संपली.

शनिवारी बाईंची अर्धी पाळी. दुपारी एकला त्या घरी आल्या, तर यजमान काठीशिवाय उभे. चार महिन्यांत पहिल्यांदा. अंगात धुतलेला शर्ट, तोंडभर हसू.

“बघ,” ते म्हणाले. “डॉक्टरांचा फोन आला होता. गोळ्या बंद! दोन दिवस झाले, तू हातात दिलेली संध्याकाळची मी तुला न सांगता घेतच नव्हतो. काही दुखत नाही.”

“बरं झालं बाई,” बाई म्हणाल्या आणि पर्स खुंटीला लावली. खरंच बरं वाटलं त्यांना.

“आणि सकाळपासून बसलो नाहीये. सगळे खण आवरले. शिवणाच्या खणात काय पसारा करून ठेवला होतास! बटणांच्या डब्यात गोळ्या? बत्तीस होत्या. दिल्या डबीत ओतून. एक माल, एक जागा. आता सगळ्या एकदम दवाखान्यात परत देऊन टाक.”

बाईंचा हात खुंटीवरच राहिला.

“कधी ओतल्यात?”

“सकाळी. दहा वाजले असतील.”

बाई न्हाणीघरात गेल्या. आरशामागे दाढीचं सामान होतं, कापूस होता. डबी नव्हती.

“अहो, तो कुठंय?”

“चिरंजीव? अकराला पोटभर जेवला आणि गेला लंबूकडे. परीक्षा संपली, आता काय, मजा. का गं? अगं, काय झालं?”

चोवीस साखरेच्या. काल रात्रीच मोजल्या होत्या. त्यांच्यावर बत्तीस खऱ्या. वर ओतलेला माल आधी बाहेर येतो, हे स्टोअरकीपरच्या बायकोला कोणी शिकवायला नको होतं.

बाईंनी चिरंजीवाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसरा फोन त्यांनी ॲम्ब्युलन्सला केला, छापखान्याचा पत्ता सांगितला, औषधाचं नाव सांगितलं. पलीकडच्या मुलीने विचारलं, “पेशंट शुद्धीवर आहे का?” बाई म्हणाल्या, “माहीत नाही, पण निघा.” यजमान काठी शोधत विचारत राहिले. बाईंनी स्कूटरची किल्ली उचलली.

शनिवार असल्याने छापखाना बंद होता. जिन्यात शाईचा वास. बाई दोन-दोन पायऱ्या चढल्या. दार नुसतं लोटलेलं होतं.

खिडकीत चिरंजीव बसला होता, कानात गाणी, मांडीवर डबी. बाईंना बघून त्याने डबी उशीखाली सरकवली. या वयातही तो मिठाई चोरताना सापडल्यासारखा दिसला, आणि बाईंच्या जिवात क्षणभर जीव आला.

“आई? तू इथे कशी?”

बाईंचं लक्ष गादीवर गेलं होतं. लंबू भिंतीकडे तोंड करून पडला होता. घोरत होता, पण ते घोरणं झोपेतलं नव्हतं. मध्येच थांबायचं, फार वेळ थांबायचं, मग खोल विहिरीतून घागर ओढल्यासारखं पुन्हा सुरू व्हायचं. त्याचे ओठ निळसर पडले होते.

“तो तरंगतोय,” चिरंजीव म्हणाला. “आज त्याला लवकर चढली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं त्यानं.”

“किती घेतल्यात?”

“काय?”

“किती!” असा आवाज बाईंनी बावीस वर्षांत काढला नव्हता.

“आठ. दोघांनी आठ-आठ. अगं, आई, त्याने काही होत नाही, आम्ही नेहमी...”

“नेहमीच्या साखरेच्या होत्या. मी भरलेल्या. आज त्यात बाबांच्या खऱ्या आल्यात. बोट घाल घशात. आत्ता!”

बाईंनी त्याला मानेला धरून मोरीवर वाकवलं. त्याने उमासे काढले. जेवण थोडं पडलं, कॅप्सूल एकही दिसली नाही. तेवढ्यात लंबूचं घोरणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं नाही. बाई गादीवर गुडघे टेकून बसल्या, त्याचं डोकं मागे केलं, नाक दाबलं आणि आपला श्वास त्याच्या तोंडात सोडला. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा. पुन्हा. “दत्तक घ्या” म्हणणारं तोंड ते, थंड लागत होतं.

ॲम्ब्युलन्स सात मिनिटांत आली. आत लंबू स्ट्रेचरवर, त्याच्या तोंडावर मास्क, आणि डोक्याशी बसलेला ब्रदर फुगा दाबत होता. समोरच्या बाकावर बाई आणि चिरंजीव. वरून गाडीचा भोंगा.

“यानंही घेतल्यात?” ब्रदरने मान न वळवता विचारलं.

“आठ. पण काही साखरेच्या असतील.”

“किती?”

“माहीत नाही.”

“मग त्याला जागं ठेवा. झोपू द्यायचं नाही, बोलतं ठेवा. माझे हात याला लागलेत.”

बाईंना एकदम उपाय सुचला. मोजायचं. दुसरं येतं काय त्यांना! निघताना उशीखालून उचललेली डबी त्यांनी मांडीवरच्या पदरात उपडी केली. चाळीस उरल्या होत्या. एकेक टोपण काढायचं. पिवळट भुकटी निघाली तर खरी, पांढरीशुभ्र निघाली तर आपली. बोटं सराईत होती, गाडी हिंदकळत असूनही एक टोपण सांडलं नाही. आठही साखरेच्या याच्या वाट्याला आल्या असतील, बाई मनात म्हणत होत्या. अशक्य नाही. असतं एकेकाचं नशीब. आयुष्यात कधी कशाची लागली नव्हती एवढी आस त्यांना आपण केलेल्या खोट्या मालाची लागली.

“आई,” चिरंजीव म्हणाला, “तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“तीन महिने.”

“मग बोलली का नाहीस?”

बाईंचे हात चालूच होते. काय सांगणार? चहा विचारला होता, असं सांगणार?

“मला वाटायचं, तुला कळावं,” तो म्हणाला. “म्हणून तर डबी तिथेच परत ठेवायचो. तू ओरडशील, मग मी बंद करेन, असं...” तो थोडा हसला. “तू भरूनच ठेवायचीस.”

शेवटचं टोपण निघालं. पांढऱ्या एकवीस. चोवीसातून एकवीस गेल्या, तीन उरल्या. म्हणजे दोघांनी मिळून गिळलेल्या सोळांत साखरेच्या फक्त तीन. त्या तिन्ही याच्याच पोटात गेल्या असं धरलं, तरी आठातून तीन गेल्यावर पाच राहतात. बाईंनी पुन्हा मोजलं. मोजणी बरोबर होती.

चिरंजीवाचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. जड.

“ए, झोपायचं नाही. बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. ओरड माझ्यावर. शिव्या दे.”

“झोप येतेय गं.”

“मग मोज. माझ्याबरोबर मोज. लहानपणी तबकापुढे बसून मोजायचास ना, तसं. पाच...”

“दहा,” तो म्हणाला. “पंधरा. वीस.”

“मोठ्यानं.”

“पंचवीस... तीस.”

समोर ब्रदर फुगा दाबत होता. सिग्नलला गाडी मंदावली, भोंगा वाढला, बाजूच्या काचेतून कोणीतरी आत डोकावून पाहिलं. तीन महिने घरात एक शब्द बोलायची सोय होती. आता बाईंना त्याच्या तोंडून एक शब्द हवा होता, आणि त्याची जीभ जड झाली होती.

“पस्तीस,” तो म्हणाला.

“पुढे.”

“पस्तीस.”

“चाळीस,” बाई म्हणाल्या. “म्हण, चाळीस.”

त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. पदरातली टोपणं आणि साखर गाडीभर सांडली.

“चाळीस,” बाई म्हणाल्या. “चाळीस, राजा. चाळीस.”